वाटेवरील मालाचा धर्म

औंढा नागनाथाच्या दर्शनास जाणाऱ्या मराठी माणसाच्या मनांत दोन आख्यायिका बरोबर असतातच. एक नामदेवांची. कीर्तनाचा पूजेस अडथळा होतो म्हणून पुजाऱ्यांनीं त्यांस देवळाच्या मागल्या बाजूस घालविलें, आणि मग देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभें राहिलें. दुसरी त्यांचे गुरु विसोबा खेचर यांची. पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या विसोबांस नामदेवांनीं दोष दिला, तेव्हां ते म्हणाले कीं, जेथें देव नसेल तेथें माझे पाय उचलून ठेव. आणि तशी जागा कांहीं सांपडली नाहीं. या कथांचा अर्थ आम्ही लहानपणापासून भक्तीच्या अंगानें लावीत आलों. परंतु गेल्या श्रावणांत हिंगोलीहून परभणीकडे जातांना औंढ्यास कांहीं वेळ थांबणें झालें, आणि तेथें घडलेल्या एका साध्या संभाषणामुळें याच कथा आमच्यापुढें एका निराळ्याच प्रश्नाच्या रूपानें उभ्या राहिल्या. तो प्रश्न व्यापाराचा दिसतो. आमच्या मतें तो नीतीचा आहे.

दर्शन आटोपून आम्ही रस्त्यालगतच्या एका चहाच्या हॉटेलांत बसलों होतों. समोर ताडपत्रीनें घट्ट आवळलेला एक ट्रक उभा होता, आणि त्याचे चालक आमच्याच बाकावर बशींत चहा ओतीत बसले होते. वय पंचेचाळिसाच्या आसपास, बोलणें अस्सल या भागांतलें. गाडींत वसमतची हळद होती. या भागांतली हळद देशाच्या बाहेरहि जाते आणि तिच्या मोठ्या गिऱ्हाइकांत बांगलादेश आहे, हें आम्ही ऐकून होतों, म्हणून सहज विचारलें, “दादा, माल बंगालच्या सीमेपर्यंत कां?”

“नाही सर, नागपूरलाच उतरायचाय,” ते म्हणाले. “सीमेचं भाडं मी आता घेत नाही. एकदा घेतलं होतं, कांद्याचं. पुरे झालं.”

मग त्यांनीं जें सांगितलें तें थोडक्यांत असें. २०२० च्या सप्टेंबरांत त्यांनीं नाशिककडून कांद्याची भरलेली गाडी बांगलादेशाच्या सीमेकडे नेली. दीड हजार किलोमीटरांहून अधिक वाट कापून ते नाक्याजवळ पोहोंचतात तोंच कांद्याच्या निर्यातीस बंदी झाल्याचा हुकूम येऊन थडकला. पुढें जाऊं देईनात. मागें फिरावें तर मालधन्याचा निरोप कीं, थांबा, सुटेल. अकरा दिवस गाडी रांगेंत उभी. भादव्याचें ऊन, मध्येंच पाऊस, आणि ताडपत्रीखालीं कांदा. अखेर निम्मा माल तेथल्याच बाजारांत मातीमोलानें गेला आणि निम्मा फेंकावा लागला. भाड्याचा कांहीं भाग निघतांना मिळाला होता. उरलेला माल पोहोंचल्याची पोच आणल्यावर मिळावयाचा. पोच नाहीं म्हणून उरलेलें भाडेंहि नाहीं. “माल माझा नव्हता, नफा माझा नव्हता, सरकारशी माझं भांडण नव्हतं,” ते म्हणाले, “पण सर, वास मात्र माझ्या गाडीला आला. दोन महिने गेला नाही.”

हें ऐकून आम्ही गप्प राहिलों, आणि तें केवळ सहानुभूतीमुळें नव्हे. त्या सप्टेंबरांतली एक सकाळ आम्हांस आठवली. वर्तमानपत्रांत बंदीची बातमी वाचून आम्हींच घरांत मोठ्यानें म्हटलें होतें कीं, बरें केलें सरकारनें, कांदा किती महाग झाला होता! आमचा आनंद आणि त्यांच्या गाडीचा वास एकाच हुकुमांतून निघाले होते, आणि त्या दोहोंची गांठ पडण्यास इतकीं वर्षें लागलीं.

तेव्हां प्रश्न असा आहे. राष्ट्रानें आपल्या सीमेवरील नियम बदलला, आणि बदललेला नियम आधींच्या नियमावर विश्वासून निघालेल्या मालास वाटेंत गांठता झाला, तर होणारें नुकसान न्यायानें कोणी सोसावें? निघण्यापूर्वींच्या मालास कांहीं म्हणतां येत नाहीं; तो घरींच आहे. पोहोंचलेल्या मालासहि नाहीं. त्याचा हिशेब पुरा झाला. वाटेवरचा माल मात्र विचित्र अवस्थेंत असतो. देणाऱ्याच्या हातांतून तो सुटलेला आहे, घेणाऱ्याच्या हातीं पडलेला नाहीं, आणि ज्याच्या हातांत आहे त्याचा तो नव्हे. या मधल्या अवस्थेस कांहीं स्वतंत्र धर्म आहे काय?

येथें वाहतुकीच्या धंद्यांतील एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. किरकोळ मालाच्या गाडींत दहा व्यापाऱ्यांचीं पन्नास गांठोडीं असतात. एक अडलें तर बाकीचीं पुढें जातात. परंतु व्यवहारांत ज्यास ‘फुल लोड’ म्हणतात तो भरगाडीचा सौदा निराळा. एका धन्याचा एकच माल एका ठिकाणीं भरावयाचा, वर शिक्का मारावयाचा, आणि मध्यें कोठेंहि न उघडतां दुसऱ्या ठिकाणीं उतरवावयाचा. त्यांत काटकसर आहे, वेग आहे. पण त्याचबरोबर सगळा धोका एकाच ठिकाणीं गोळा झालेला आहे. चालकास शिक्का तोडतां येत नाहीं, माल विकतां येत नाहीं, टाकून जातां येत नाहीं. माल नासूं लागला आहे हें सर्वांच्या आधीं त्याच्या नाकास कळतें, आणि त्याविषयीं कांहीं करण्याचा अधिकार सर्वांत शेवटीं त्यास मिळतो. कायद्याच्या भाषेंत तो न्यासधारी आहे; म्हणजे दुसऱ्याची ठेव सांभाळणारा. आमच्या धर्मशास्त्रांनीं ठेवीविषयींचें कर्तव्य फार कडक मानलें आहे. मात्र ठेव सांभाळणाऱ्याविषयीं इतरांचें कर्तव्य काय, याचा विचार त्या मानानें थोडा झाला आहे.

या प्रश्नास एक सोपें, आणि म्हणूनच मोहक, उत्तर आहे. तें असें कीं, सीमाच खोटी. माणसानें काढलेली रेघ. ती पुसली कीं प्रश्न मिटला. या उत्तरांत सत्याचा अंश नाहीं असें औंढ्याच्या परिसरांत वाढलेल्या कोणासहि म्हणतां येणार नाहीं. या भूमीच्या उत्तरेस पैनगंगा आहे. वऱ्हाड १८५३ सालीं इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलें, १९०२ सालीं तें त्यांच्याकडे कायमच्या पट्ट्यानें राहिलें, आणि त्यामुळें पैनगंगेच्या दोन तीरांवर दोन कारभार झाले. अलीकडे निजामाचें राज्य, पलीकडे इंग्रजांचा अंमल. निजाम सरकारची करोडगिरी, म्हणजे मालावरची सरहद्दीची जकात, शेंकडा पांच या प्रमाणें घेतली जाई. दोन्ही तीरांवर एकच भाषा, एकच ज्वारी, सोयरिकी इकडून तिकडे. पण बैलगाडी नदी उतरली कीं परराज्यांत. आमच्या आजोळच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या बोलण्यांत ‘नाक्यावर गाडी अडली’ हे शब्द जितक्या वेळां येत तितक्या वेळां ‘पाऊस लांबला’ हे देखील येत नसत. पुढें १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत आलें. १९५६ त मराठवाडा मुंबई राज्यांत व १९६० त महाराष्ट्रांत आला. १९९९ त हिंगोली हा निराळा जिल्हा झाला. आज पैनगंगेच्या पुलावरून जातांना चालक गिअर बदलतो, तो चढ आहे म्हणून. राज्य बदललें म्हणून नव्हे. जी सीमा आमच्या आजोबांस आकाशासारखी अढळ वाटे तिचा आतां दगडहि सांपडत नाहीं.

तथापि एवढ्यावरून सीमा मात्रच खोटी असा निष्कर्ष काढणें हें घाईचें होईल. सीमेच्या आंत राहणारे लोक एकमेकांचा भार उचलण्याचें वचन देऊन राहतात. दुष्काळ पडला तर माझ्या शेजाऱ्याच्या ताटाची चिंता ज्या सरकारानें वाहावयाची, त्या सरकारास घरांतलें धान्य घराबाहेर जाऊं द्यावें कीं न द्यावें हें ठरविण्याचा अधिकार असलाच पाहिजे. अधिकार काढून घेऊन जबाबदारी तेवढी ठेवणें हें कोणत्याहि नीतीस धरून नाहीं. दुष्काळाच्या दिवसांतहि धान्य बाहेर जातच राहिलें, आणि तें जाऊं देणारे राज्यकर्ते खुल्या व्यापाराचे मोठे अभिमानी होते, हें या देशानें एकोणिसाव्या शतकांत पाहिलें आहे. तेव्हां निर्यातबंदी हा शब्द ऐकतांच नाक मुरडणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. आमचा प्रश्न बंदी करावी कीं करूं नये हा नाहीं. बंदी करतांना वाटेवरच्या मालाचें काय, एवढाच तो आहे.

घडलेल्या गोष्टी क्रमानें पाहूं. २०१९ च्या सप्टेंबरअखेर भारतानें कांद्याची निर्यात एकाएकीं बंद केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत बांगलादेशाच्या तेव्हांच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीस आल्या असतां व्यापाऱ्यांच्या सभेंत थट्टेनें म्हणाल्या कीं, आपण स्वयंपाक्यास कांद्यावांचून रांधण्यास सांगितलें आहे. आणि पुढें त्यांनीं एवढीच विनंती केली कीं, असें कांहीं करावयाचें झाल्यास आधीं कळवीत जावें. सभा हंसली. एका वर्षानें, १४ सप्टेंबर २०२० रोजीं, पुन्हां तसाच हुकूम तसाच एकाएकीं निघाला. भरलेल्या गाड्या सीमेवर अडकल्या. कांहीं दिवसांनीं बांगलादेशाकडे निघालेल्या मालापैकीं २५ हजार टन जाऊं देण्याची परवानगी मिळाली. पण कांदा हुकुमाची वाट पाहत टिकून राहणारा जिन्नस नव्हे, आणि तोंवर पुष्कळ माल नासला होता. १ जानेवारी २०२१ पासून बंदी उठली. ८ डिसेंबर २०२३ रोजीं ती पुन्हां आली आणि पुढील मे महिन्यांत पुन्हां उठली. प्रत्येक वेळीं बंदीच्या बऱ्यावाईटपणावर भरपूर चर्चा झाली. रांगेंत उभ्या असलेल्या माणसाची बाजू मात्र त्या चर्चेंत क्वचितच आली.

या बाबतींत तीन उत्तरें संभवतात. पहिलें व्यवहारी माणसाचें. तो म्हणेल कीं, व्यापार म्हणजेच धोका. कायदा बदलूं शकतो हें व्यापाऱ्यास ठाऊक होतें. नफा झाला असता तर तो त्यानें वाटून दिला असता काय? मग तोटा झाला तर त्यानें रडूं नये. या उत्तरांत दोन चुका आहेत. धोका दोन प्रकारचा असतो. घाटांत दरड कोसळली तर आपण दैवास बोल लावून गप्प बसतों, कारण दरडीस मन नाहीं. हुकूम मात्र कोणीतरी विचारपूर्वक काढलेला असतो. सरकार म्हणजे पाऊस नव्हे; ज्या कृत्यास कर्ता आहे त्याचा परिणाम दैवाच्या खातीं मांडणें म्हणजे कर्त्यानें आपलें नांव खोडून घेणें होय. दुसरी चूक याहून मोठी. नफ्याचा वांटेकरी तोच तोट्याचा वांटेकरी, हें तत्त्व मान्य केलें तर चालक त्यांतून सुटलाच पाहिजे. कांदा दुप्पट भावानें विकला गेला असता तरी त्याच्या भाड्यांत एक रुपयाची भर पडली नसती. ज्यास भावाच्या चढांत वांटा नाहीं त्याच्या माथीं भावाच्या उतारांतील वांटा मारणें हें व्यवहाराच्या नीतीसहि सोडून आहे.

दुसरें उत्तर लोकहितवाद्याचें. कोट्यवधि गरिबांच्या ताटांतला कांदा स्वस्त व्हावा म्हणून कांहीं शें गाड्यांचें नुकसान झालें, तर तराजूचें पारडें कोणीकडे झुकतें हें उघड आहे, असें तो म्हणेल. आम्हीहि त्या सकाळीं हेंच म्हणत होतों. परंतु या तराजूंत एक गोष्ट वजन न करतांच टाकली जाते. लाभ सर्वांचा आहे हें खरें. मग किंमत सर्वांनीं कां देऊं नये? समाजास जें हवें तें समाजानें आपल्या थैलींतून घ्यावें. रांगेंत सांपडलेल्या दहा माणसांच्या खिशांतून तें काढून घेऊन आपण परोपकार केला असें म्हणणें याला आपल्या भाषेंत फार जुनें नांव आहे: हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. दान मोठें असेल, हेतु शुद्ध असेल. पण घर हलवायाचें आहे. शिवाय ही किंमत फार मोठी नाहीं. सबंध देशाच्या खर्चांत अडकलेल्या मालाची भरपाई म्हणजे दर्यांत खसखस. आणि तीच रक्कम एका गाडीच्या धन्यास कर्जांत बुडविण्यास पुरते. जी गोष्ट सर्वांस हलकी आणि एकास असह्य, ती सर्वांनीं उचलावी, हें समजण्यास तत्त्वज्ञान पढावें लागत नाहीं.

तिसरें उत्तर आम्हांस अनपेक्षित जागीं मिळालें. १९०९ सालीं म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं कौटिलीय अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलें तेव्हांपासून कौटिल्याची ख्याति कठोर, कावेबाज आणि तिजोरीवर डोळा ठेवणारा मुत्सद्दी अशी आहे, आणि ती खोटी नाहीं. याच कौटिल्यानें सीमेवरील अधिकाऱ्याचीं, म्हणजे अंतपालाचीं, कर्तव्यें सांगितलीं आहेत. मालानें भरलेल्या गाडीमागें अंतपालानें सव्वा पण वाटकर घ्यावा; परदेशाहून आलेल्या सार्थाचा माल तपासून, ओळखपत्र व शिक्का देऊन, तो पुढील अधिकाऱ्याकडे धाडावा; आणि वाटेंत जें हरवेल वा चोरीस जाईल तें भरून द्यावें. या शेवटच्या कलमापाशीं आम्ही थबकलों. यांत दयेचा लवलेश नाहीं. शुद्ध हिशेब आहे. ज्यानें वाटेचा कर घेतला त्यानें वाटेचा भार घेतला. शिक्का मारण्याचा अधिकार म्हणजे शिक्क्याच्या आंत जें आहे त्याची जबाबदारी. तिजोरीवर इतकें प्रेम करणाऱ्या माणसानेंहि हें मान्य केलें, कारण भरपाईवांचून वाट ओस पडते आणि ओस वाटेवर कर मिळत नाहीं, हें त्यास कळत होतें.

युरोपांतील विचारहि याच ठिकाणीं येऊन पोहोंचला, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. ह्यूगो ग्रोशियस या डच पंडितानें १६२५ च्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, निरुपद्रवी माणसास आणि मालास परक्या भूमींतून वाट मिळालीच पाहिजे, आणि त्याबद्दल कर घ्यावयाचा तो वाट राखण्याच्या खर्चापुरताच. कांटनें १७९५ सालीं शाश्वत शांततेवर लिहितांना परक्या भूमीवर पाय ठेवणाऱ्यास शत्रु म्हणून वागविलें जाऊं नये, एवढा हक्क प्रत्येक मनुष्यास दिला. तो हक्क त्यानें उपकार म्हणून दिला नाहीं. पृथ्वी गोल आहे आणि माणसें एकमेकांस टाळून अनंत काळ लांब जाऊं शकत नाहींत, या साध्या कारणानें दिला. पुढें १९२१ च्या बार्सिलोना करारानें आणि १९४७ च्या व्यापारविषयक सर्वसाधारण करारानें तिसऱ्या देशांतून पार होणाऱ्या मालास विनाकारण खोळंबवूं नये, असें तत्त्व कायद्यांत घातलें. १९७५ च्या ज्या आंतरराष्ट्रीय करारास ‘टीआयआर’ म्हणतात त्यानें शिक्कामोर्तब झालेली गाडी वाटेंतल्या सरहद्दींवर न उघडतां, जकातीच्या हमीवर, थेट शेवटच्या ठिकाणीं जाण्याची सोय केली. भारत त्यांत २०१७ सालीं सामील झाला. बांगलादेश, भूतान, भारत व नेपाळ या चार शेजाऱ्यांनीं एकमेकांच्या गाड्यांस रस्ता देण्याचा करार २०१५ च्या जूनमध्यें थिंफू येथें केला. परंतु भूताननें त्यास अंतिम संमति दिली नाहीं, आणि बांगलादेशाच्या सीमेवर आपला ट्रक पलीकडच्या आवारांत माल उतरवून रिकामा परत फिरतो तो फिरतोच. म्हणजे दीड हजार किलोमीटरांहून अधिक वाट ज्यानें माल सांभाळला त्यास तो जेथें जातो तें गांव कधींच दिसत नाहीं.

पण कायद्याच्या पोथ्यांपेक्षां या प्रश्नाचें अधिक जिवंत उदाहरण आमच्या याच भूमीनें पाहिलें आहे. रस्ते व रेल्वे होण्यापूर्वीं दख्खनचा माल लमाणांच्या तांड्यांनीं वाहिला. कोंकणपट्टीचें मीठ देशावर, देशाचें धान्य छावण्यांत. शेंकडों बैलांच्या पाठीवर गोण्या, आणि बरोबर सबंध संसार. मोगलांच्या फौजांस त्यांनीं धान्य पुरविलें, मराठ्यांच्याहि, आणि पुढें इंग्रजांच्याहि. शत्रूस धान्य नेतो म्हणून तांडा लुटावा, तर उद्यां आपल्याकडे धान्य कोण आणील, हें उमजलेल्या सेनापतींनीं त्यांस संभाळून घेतलें. वाहणारा कोणत्याहि पक्षाचा नव्हे, ही समजूत तलवारीच्या युगांतहि होती. पुढें रेल्वे आली, धंदा गेला, आणि १८७१ च्या कायद्यानें ज्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का बसूं लागला त्यांत ठिकठिकाणीं लमाणांचे तांडेहि आले. तो कायदा उठण्यास १९५२ साल उजाडलें. हिंगोली व वाशीम या भागांत आज वस्ती करून राहिलेल्या, पोहरादेवीस सेवालाल महाराजांच्या दर्शनास लोटणाऱ्या या समाजाचा इतिहास आम्हांस एकच गोष्ट शिकवितो. वाहणाऱ्याची गरज असेतोंवर त्याचा मान, आणि गरज सरतांच त्याच्यावर संशय, ही जगाची जुनी रीत आहे. नीतीचें काम त्या रीतीस आळा घालणें हें आहे.

आतां आमच्या म्हणण्यावरील दोन सबळ आक्षेपांस उत्तर दिलें पाहिजे. पहिला आक्षेप असा कीं, आगाऊ सूचना देऊन बंदी केली तर मधल्या दिवसांत सारा माल धांवत सीमेपार जाईल आणि बंदीचा हेतूच फसेल. हा आक्षेप बरोबर आहे; पण तो आमच्या मागणीस लागूं पडत नाहीं. उद्यां भरल्या जाणाऱ्या मालास सूचना द्या असें आम्ही म्हणत नाहीं. हुकुमाच्या घटकेपूर्वीं जो भरला, ज्याचे कागद झाले, ज्यावर शिक्का बसला, तेवढा जाऊं द्यावा. न जाऊं देणें अपरिहार्य असेल तर त्याचें मोल द्यावें. कागदांत लबाडी होईल असें म्हणाल तर ती शोधण्याचें काम सरकारचें. लबाडाच्या भयानें प्रामाणिकास दंड करणें हा न्याय नव्हे. आणि हें अशक्य आहे असें सरकारहि म्हणूं शकत नाहीं. कारण २०२० सालीं तेंच त्यानें केलें, फक्त कांहीं दिवस उशिरा. जें पांचव्या दिवशीं शक्य झालें तें पहिल्याच दिवशीं अशक्य होतें असें मानण्यास कारण दिसत नाहीं. मधल्या दिवसांत बदललें एवढेंच कीं, कांदा नासला.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. सीमेवर केवळ भावाचाच प्रश्न येतो असें नाहीं. युद्ध येतें, रक्तपात येतो. तेथेंहि गाड्यांची दया करीत बसावयाचें काय? येथें आम्ही नम्रपणें सांगूं कीं, संकटाच्या वेळीं सीमा बंद करण्याचा राष्ट्राचा अधिकार निरपवाद आहे. पण त्या वेळींहि विवेक करतां येतो याचें उदाहरण ताजें आहे. २२ एप्रिल २०२५ रोजीं पहलगाम येथें निरपराध प्रवाशांची हत्या झाली, आणि त्यानंतर अटारीचें नाकें बंद करण्यांत आलें. अफगाणिस्तानाहून सुकामेवा वगैरे घेऊन निघालेल्या गाड्या वाटेंत अडकल्या. त्यांचा त्या कृत्याशीं कांहींएक संबंध नव्हता. मे महिन्यांत भारतानें अशा सुमारें १६० ट्रकांस अपवाद म्हणून आंत येऊं देण्याचें ठरविलें. देशाचें अंतःकरण जळत असतांनाहि वाटेवरचा माल आणि वैर यांत भेद करतां येतो, तर कांद्याच्या भावासारख्या शांततेच्या कारणासाठीं तो करतां येत नाहीं असें कोण म्हणेल?

सारांश, आमच्या मतें वाटेवरील मालाचा धर्म तीन वाक्यांत सांगतां येईल. नियमानें पुढें पाहावें, मागें पाहूं नये. म्हणजे निघालेल्यास निघतांनाचाच नियम लागूं राहावा. सार्वजनिक हितासाठीं त्यास थांबविणें प्राप्तच झालें तर थांबविणाऱ्यानें थांबण्याचें मोल द्यावें. आणि कोणत्याहि तंट्यांत वाहणाऱ्यास पक्षकार समजूं नये. माल पोहोंचो वा न पोहोंचो, त्याचें भाडें आणि खोळंब्याचे दिवस त्यास मिळालेच पाहिजेत. यांतील पहिलीं दोन वाक्यें सरकारास उद्देशून आहेत. तिसरें मालधन्यांस आहे. कारण पोच नाहीं म्हणून भाडें नाहीं असें म्हणणारा मालधनी स्वतः ज्या अन्यायाविरुद्ध ओरडतो तोच अन्याय आपल्याहून दुर्बळावर करीत असतो.

एक चौथें वाक्य उरतें, आणि तें आम्हां वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या मंडळींस आहे. आम्ही बाजारांत भाव विचारतों, वाट विचारीत नाहीं. भाव उतरला कीं आमचा आनंद निर्भेळ असतो, कारण त्याची किंमत कोणी दिली हें आमच्या उंबरठ्यापर्यंत येत नाहीं. प्रत्येक स्वस्त वस्तूमागें कोणाचा तरी अश्रु आहे असें भावनाविवश होऊन म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. पुष्कळ वस्तु प्रामाणिक रीतीनें स्वस्त होतात. पण ज्या दिवशीं एखादी वस्तु हुकुमानें स्वस्त होते, त्या दिवशीं ‘बरें झालें’ म्हणण्यापूर्वीं वाटेवर कोण होतें एवढें तरी विचारण्याचें ऋण आमच्यावर आहे. आम्हीं तें त्या सकाळीं फेडलें नाहीं.

चहा संपला. दादांनीं ताडपत्रीची दोरी एकदां ओढून पाहिली, चाकांवर पाय आपटून हवा अजमावली आणि देवळाच्या कळसाकडे पाहून हात जोडले. चहाचे पैसे आम्हीं देऊं केले, ते त्यांनीं घेऊं दिले नाहींत. “तुम्ही आमच्या गावचे पाहुणे, सर,” असें म्हणून दोघांचेहि पैसे त्यांनींच दिले. गाडी हिंगोलीच्या रस्त्यानें दिसेनाशी झाल्यावर आमच्या मनांत विसोबांचा तो प्रश्न पुन्हां आला. जेथें देव नाहीं अशी जागा नामदेवांस सांपडली नाहीं. जेथें धर्म लागूं नाहीं अशी जागा मात्र आम्हीं कल्पिली आहे. दोन नाक्यांच्या मधली ती कांहीं हातांची भूमि, जेथें माल कोणाचाच नसतो आणि दोष कोणाचाच नसतो. विसोबांचे पाय उचलून तेथें ठेवले असते तर काय दिसलें असतें, याचें उत्तर औंढ्याच्या माणसास सांगावें लागेल असें वाटत नाहीं.